हवेचा साक्षीदार : जॉन स्कॉट हॉल्डेन

वैशाख लागला की पेण आणि रोहे तालुक्यांच्या गावागावांतून विहिरींचे पाणी तळाला जाते आणि गाळ काढण्याचे काम निघते. बरेच दिवस वापरात नसलेल्या विहिरीत जाणता माणूस एकदम उतरत नाही. दोरीला पेटता कंदील बांधून तो आधी खाली सोडायचा, ज्योत टिकली तर माणूस उतरवायचा, विझली तर थांबायचे, ही जुनी रीत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे खणत. तिथेही पेव उघडल्यावर ते काही वेळ मोकळे ठेवूनच आत उतरत असत.

ही रीत शहाणपणाची आहे, यात शंका नाही. पण ती पुरेशी आहे काय? कंदील आपल्याला नेमके काय सांगतो आणि कशाबद्दल गप्प राहतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका माणसाने जवळजवळ पन्नास वर्षे खर्च केली. खाणी, गटारे, बोगदे, पाणबुड्यांची शिरस्त्राणे आणि गरिबांची घरे, जिथे जिथे हवा बिघडते तिथे तिथे तो स्वतः गेला आणि ती हवा त्याने स्वतःच्या छातीत भरून घेतली. त्याचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन आपल्याला अधिक परिचित आहेत. ते १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. वडिलांची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. ती करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे एका खानदानी कुटुंबात झाला. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि लॉर्ड चॅन्सेलर झाले. बहीण एलिझाबेथ लेखिका म्हणून नावाजली. जॉन यांचा ओढा प्रथमपासून तत्त्वज्ञानाकडे होता. सजीव म्हणजे सुट्या भागांचे यंत्र नव्हे, तो आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती मिळून एकच अखंड गोष्ट आहे, हा विचार त्यांनी तरुणपणीच मनाशी बांधला. एडिंबरो विद्यापीठातून १८८४ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. माणूस ज्या हवेत जगतो ती हवाच त्यांना अभ्यासाचा विषय वाटली. तत्त्वज्ञानाची आवड असलेला तरुण प्रयोगशाळेत शिरला तो असा. कला शाखेच्या आपल्या विद्यार्थिमित्रांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांचे पहिले मोठे काम डंडी या गिरण्यांच्या शहरात झाले. हे शहर आपल्या बंगालच्या तागावर पोसलेले. तिथले कामगार एका खोलीत सात-आठ जण दाटीवाटीने राहत. या खोल्यांत रात्री हवा कशी असते हे पाहण्यासाठी हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी मध्यरात्रीनंतर, आगाऊ वर्दी न देता, दारे ठोठावून आत जात आणि काचेच्या भांड्यांतून हवेचे नमुने घेत. दिवसा सूचना देऊन गेले असते तर खिडक्या उघडलेल्या सापडल्या असत्या. त्यांना खरी हवा हवी होती. घरांबरोबर त्यांनी शाळाही तपासल्या. कार्नेली आणि अँडरसन यांच्यासह लिहिलेला हा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. हवेच्या दहा हजार भागांत घरामध्ये १० आणि शाळेमध्ये १३ भागांपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड असू नये, अशी मर्यादा त्यांनी त्यात सुचवली. आज हवेचे मोजमाप दशलक्ष भागांत करतात. त्या भाषेत ही मर्यादा १००० आणि १३०० होते. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वर्गातली हवा बरी की वाईट हे ठरवताना आजही १००० हाच आकडा पुष्कळदा पुढे येतो.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांचे मामा बर्डन सँडरसन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी असा समज रूढ होता की माणसांच्या उच्छ्वासातून एखादे गूढ सेंद्रिय विष बाहेर पडते आणि त्यामुळे कोंदट खोलीत जीव घाबरतो. हे खरे की खोटे हे ठरवण्यासाठी हॉल्डेन यांनी एक हवाबंद पेटी तयार करवली. माणूस जेमतेम बसू शकेल एवढीच ती होती. तिच्यात ते स्वतः बसत आणि स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा घेत. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण तीन टक्क्यांच्या पुढे गेले की श्वास खोल होई, सहा टक्क्यांच्या आसपास धाप असह्य होई, डोके ठणके, मळमळ सुरू होई. लॉरेन स्मिथ या सहकाऱ्यासह त्यांनी दाखवून दिले की गूढ विष वगैरे काही नाही. वाढलेला कार्बन डायऑक्साइड आणि घटलेला प्राणवायू, इतकेच त्याचे कारण.

१८९१ साली लुइझा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन अपत्ये झाली. मुलगा जॅक, म्हणजेच जे. बी. एस., आणि मुलगी नेओमी, जी पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आली. संसारात ते विसरभोळे होते. एकदा घरी पाहुणे जेवायला यायचे होते म्हणून कपडे बदलायला वर गेले ते आलेच नाहीत. अंगरखा उतरवताच झोपायची वेळ झाली असे वाटून ते अंथरुणात शिरले होते, अशी गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. मात्र हवेच्या नमुन्याच्या बाबतीत हा विसराळू माणूस एका थेंबाचीही चूक होऊ देत नसे.

१ जुलै १८९५ रोजी लंडनजवळच्या ईस्ट हॅम येथील सांडपाण्याच्या पंपघरात एक कामगार खाली उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा, मग चौथा, मग पाचवा. पाचही जण मेले. या दुर्घटनेचा शोध घेण्याचे काम हॉल्डेन यांच्याकडे आले. त्यांनी तिथली हवा तपासली आणि सांडपाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या वायूकडे बोट दाखवले. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हा वायू प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे नाक जिथे सर्वांत जास्त हवे तिथेच ते दगा देते. त्या चार सोबत्यांच्या नावांची पाटी लंडनच्या एका बागेत आजही आहे. त्यांचे धैर्य खरेच होते. पण धैर्याला हवेचे ज्ञान नव्हते, म्हणून एकाच्या जागी पाच जण गेले.

पुढच्याच वर्षी, २७ जानेवारी १८९६ रोजी, वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. हॉल्डेन तिथे पोहोचले आणि त्यांनी मृतदेहांची तपासणी केली. सर्वांचा समज होता की स्फोटाने माणसे मेली. परंतु पुष्कळ देहांवर फारशी इजा नव्हती आणि त्यांच्या कातडीला गुलाबी-लालसर छटा होती. ही कार्बन मोनॉक्साइडची खूण. स्फोटातून बहुतेक जण वाचले होते. मागाहून पसरलेल्या विषारी हवेने त्यांना गाठले होते. काहींना तर नुसते योग्य दिशेने चालत गेल्यानेही बाहेर पडता आले असते.

हा वायू रक्तावर कसा परिणाम करतो हे त्यांनी आधीच स्वतःवर पाहिले होते. रक्तातील जवळजवळ निम्मे रंगद्रव्य व्यापले जाईपर्यंत ते तो श्वासातून घेत राहिले. पाय लटपटू लागले, नजर मंदावली, तरी वहीत नोंदी चालूच होत्या. त्यांनी सोबत एक उंदीरही ठेवला होता. उंदीर त्यांच्या कितीतरी आधी गळून पडला. लहान उष्णरक्ती प्राण्याचा श्वास जलद चालतो, त्यामुळे विष त्याच्या रक्तात लवकर चढते. यावरूनच त्यांनी खाणीत लहान प्राणी नेण्याची शिफारस केली आणि पिवळ्या कॅनरी पक्ष्याचा पिंजरा खाणकामगाराच्या हाती आला. १९११ च्या कायद्यानंतर ब्रिटनच्या खाणींत असे पक्षी ठेवणे बंधनकारक झाले. दांडीवरून पडणारा पक्षी लांबूनही दिसतो, म्हणून उंदरापेक्षा तो सोयीचा. खाणकामगार या पक्ष्यांना मुलांसारखे जपत, त्यांच्याशी शीळ घालून बोलत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खाणीत आणखी एक हवा असे, तिला तिथले लोक काळी हवा म्हणत. तिच्यात दिवा विझतो. ही हवा म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असे सर्वजण मानत. हॉल्डेन यांनी पृथक्करण करून दाखवले की तिच्यात मोठा भाग नायट्रोजनचा असतो आणि कार्बन डायऑक्साइड त्या मानाने थोडा. दगड-कोळशाने प्राणवायू शोषून घेतल्यावर जी उरते ती ही हवा. इथे दिवा चांगला साक्षीदार ठरतो, कारण प्राणवायू नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते, आणि तेवढ्या हवेत माणूस अजून शुद्धीवर असतो. पण कार्बन मोनॉक्साइडपुढे दिवा आंधळा आहे. ज्योत सुखाने तेवत राहते आणि माणूस पडतो. तिथे पक्षीच हवा. उलट, काळ्या हवेत पक्ष्याचा माणसाहून अधिक उपयोग नाही. प्रत्येक विषाला त्याचा त्याचा साक्षीदार लागतो, हे हॉल्डेन यांनी शिकवलेले सर्वांत मोलाचे सत्य होय.

हवेची पातळी हाही त्यातलाच भाग. जॅक लहान असताना त्याला घेऊन ते स्टॅफर्डशायरच्या एका खाणीत गेले होते. तिथे त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. काही ओळी होतात न होतात तोच मुलाला धाप लागली, पाय वाकले आणि तो जमिनीवर बसला. बसताच त्याला बरे वाटले. खाणीतला मिथेन वायू हलका, तो छतापाशी साठलेला. जमिनीलगत हवा चांगली होती. मुलाला तो धडा जन्मभर पुरला. आपल्या विहिरीत नेमके उलटे घडते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड, तो तळाशी बसतो. काठावर उभ्या माणसाला काही जाणवत नाही आणि वाकून गाळ भरणाऱ्याचे तोंड नेमके त्या थरात जाते.

१९०५ साली प्रीस्टली या सहकाऱ्यासह त्यांनी जो शोध प्रसिद्ध केला त्यामुळे त्यांचे नाव शरीरक्रियाशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेले. आपण श्वास घेतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून, अशी आपली साधी समजूत असते. हॉल्डेन यांनी सिद्ध केले की श्वासाची लय मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो. फुफ्फुसाच्या आतल्या हवेत त्याचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्यांनी वाढले, तरी श्वासोच्छ्वास दुप्पट होतो. म्हणजे या वायूची सूचना देणारी घंटा निसर्गाने आपल्या आतच बसवली आहे. मग भीती कशाची? भीती अशी की ही घंटा वाजते तेव्हा आपण आत असतो. प्रमाण दहा टक्क्यांवर गेले तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते, आणि धाप लागलेल्या माणसाला दोर धरून वर चढायचे बळ उरत नाही. प्राणवायू नुसता घटला तर घंटाही वाजत नाही. माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतानाच कोसळतो.

यानंतरची त्यांची कामे थोडक्यात सांगतो. नौदलासाठी त्यांनी पाणबुड्यांचा अभ्यास केला. शिरस्त्राणात पुरेशी हवा पंपाने पोहोचत नाही, तिथे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि म्हणून पाणबुड्या थकतो, हे त्यांनी दाखवले. खोल पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर येण्याची त्यांची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली. १९११ साली ते अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखरावर विरळ हवेचा अभ्यास करायला गेले. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी क्लोरिन सोडला, तेव्हा सरकारने त्यांनाच फ्रान्सला धाडले. परत येऊन त्यांनी बंद खोलीत तो वायू स्वतः हुंगून पाहिला आणि सैनिकांसाठी मुखवटे तयार करण्याच्या कामात हात घातला. १९३४ साली रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. पंचाहत्तरीतही ते स्वस्थ बसले नाहीत. उष्माघाताच्या अभ्यासासाठी इराण-इराकच्या तेलक्षेत्रात जाऊन आले आणि त्यानंतर न्यूमोनियाने मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

हॉल्डेन यांचे हवा मोजण्याचे उपकरण साधे होते. काचेच्या नळीत हवा मोजून घ्यायची, ती पोटॅशच्या द्रावणातून फिरवायची. द्रावण कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. उरलेली हवा पुन्हा मोजायची, जेवढी घट तेवढा वायू. आज हे काम तळहातावर मावणारे यंत्र करते. त्यात अवरक्त किरणांचा लहानसा दिवा असतो. कार्बन डायऑक्साइड त्यांतील ठरावीक किरण शोषतो, आणि पलीकडे किती किरण पोहोचले यावरून आकडा उमटतो. ठरवलेली मर्यादा ओलांडली की यंत्र कर्कश वाजते, दिवा लुकलुकते, हातात थरथरते. पुष्कळ यंत्रांत पहिला इशारा ५००० वर आणि दुसरा ३०,००० वर, म्हणजे अर्ध्या आणि तीन टक्क्यांवर ठेवलेला असतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्ष्यांना १९८६ साली निरोप देण्याचे ठरले ते इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली म्हणूनच.

परंतु यंत्र म्हणजे ताईत नव्हे. पक्ष्याला दाणापाणी लागे, तसे यालाही लागते. वापरण्यापूर्वी ते उघड्या मैदानात सुरू करावे. तिथे आकडा ४२०-४३० च्या आसपास यायला हवा. फार वेगळा आला तर यंत्र आधी जुळवून घ्यावे. प्रमाण माहीत असलेला वायू सोडून इशारा खरोखर वाजतो की नाही हे पाहावे आणि त्याची तारीख वहीत लिहावी. काही यंत्रे मागील काही दिवसांतील सर्वांत कमी आकडा म्हणजेच स्वच्छ हवा, असे धरून स्वतःला जुळवतात. अशी यंत्रे कायम बंद खोलीत ठेवली तर खोटेच बोलू लागतात. कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा आत शिरतो, उन्हाळ्यात धुरळा जाळी बुजवतो, म्हणून जाळी साफ आणि यंत्र कोरडे ठेवावे. बॅटरी पुरी भरलेली असावी. हवा तपासताना यंत्र दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी थोडा थोडा वेळ थांबवावे, कारण आकडा स्थिरावायला वेळ लागतो. त्याच्यावर आपला उच्छ्वास पडू देऊ नये. त्यात चाळीस हजार भाग कार्बन डायऑक्साइड असतो. माणूस आत असेपर्यंत यंत्रही त्याच्याजवळ राहावे, आणि ते वाजले तर आवाज बंद न करता माणसाने बाहेर यावे.

आणखी एक गोष्ट हॉल्डेन यांच्या शिकवणीतून थेट निघते. कारखान्यांत जे चार वायूंचे यंत्र सर्रास वापरतात ते बहुधा प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजते, कार्बन डायऑक्साइड नाही. प्राणवायूवरून अंदाज बांधू म्हणाल तर तोही फसतो. टाकीत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड बाहेरून शिरला, तर प्राणवायू २०.९ वरून केवळ १९.९ च्या आसपास उतरतो. प्राणवायूचा इशारा सहसा १९.५ वर वाजतो, म्हणजे तो गप्पच राहील. कंदीलही जळत राहील. माणूस मात्र धापा टाकत असेल. तसेच नुसते कार्बन डायऑक्साइडचे यंत्र घेऊन मैल्याच्या टाकीत किंवा डिझेल इंजिन चालू असलेल्या विहिरीत उतरणे म्हणजे एकाच साक्षीदारावर खटला चालवणे होय.

आपल्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांच्या टाक्या आहेत, पेणमध्ये सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्या आहेत, गावोगाव विहिरी आणि गोबरगॅसचे खड्डे आहेत. बंद टाकीत उतरण्यापूर्वी हवा तपासून लेखी दाखला घ्यावा, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यानेच केली होती. संरक्षक साधनांवाचून गटारे आणि मैल्याच्या टाक्या माणसाकरवी साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. कायदा आहे, यंत्र आहे, ज्ञानही आहे. तरी एकामागून एक उतरलेल्या माणसांच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून येतच राहतात. त्यातला दुसरा माणूस बहुधा भाऊ असतो, मुलगा असतो, जोडीदार असतो. आत पडलेल्याची हाक ऐकून काठावर उभे राहणे त्याला जमत नाही.

म्हणून वर थांबणाऱ्याचे काम उतरणाऱ्यापेक्षा अवघड आहे. उतरणाऱ्याच्या अंगाला आधीपासून दोर बांधलेला असावा, म्हणजे त्याला ओढून काढता येईल. काठावर दोघे तरी असावेत. हवा भरलेले नळकांडे आणि मुखवटा पाठीशी असल्यावाचून वरच्याने आत पाऊल टाकू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी विहीर आहे, पुष्कळांचे नातलग कारखान्यांत कामाला आहेत. हॉल्डेन यांनी आयुष्यभर वाईट हवा स्वतः घेतली ती दुसऱ्या कुणाला ती घ्यावी लागू नये म्हणून. एवढी गोष्ट या सुट्टीत घरी गेल्यावर आपण काठावरच्या माणसांना सांगितली, तर त्यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.